चाखणाऱ्यांचा अनुभव आणि तयारी: चवीतला फरक ओळखण्याच्या चाचण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रीखंड, मसाले, लोणची, फरसाण बनवणाऱ्या लहान उद्योगांना मी चवीच्या चाचण्या बसवून देते. चक्का दुसऱ्या डेअरीचा आला, मिरची बदलली, साखर थोडी कमी केली, की मालकांचा प्रश्न ठरलेला असतो: गिऱ्हाइकाला कळेल का? मग किती वाट्या, किती ग्रॅम, आकडेमोड कशी, हे सगळं विचारलं जातं. चाखायला बसणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही, आणि बहुतेक घोळ तिथेच झालेला असतो. म्हणून हे पान त्यांच्याबद्दल.

फरक ओळखण्याची चाचणी म्हणजे लोकांना 'कसं लागलं?' असं विचारणंच ना?

नाही. 'कसं लागलं' विचारलं की माणूस आवड सांगतो, आणि बनवणारी बाई समोर उभी असेल तर 'छान' म्हणून मोकळा होतो. फरकाच्या चाचणीत आवडीला जागा नसते. सर्वात जास्त वापरली जाणारी त्रिकोण चाचणी घ्या. १९४० च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ती आकाराला आली. समोर तीन वाट्या. दोघींत जुन्या चक्क्याचं श्रीखंड, एकीत नव्या चक्क्याचं, किंवा याच्या उलट. वेगळी वाटी कोणती, एवढंच सांगायचं. 'कळत नाही' हे उत्तर चालत नाही. कळलं नाही तरी अंदाजाने एक निवडावीच लागते.

डोळे मिटून बोट ठेवलं तरी तिनातून एकदा ते बरोबर पडणारच. म्हणून ३० जणांत १० उत्तरं बरोबर आली तर त्यातून काहीच कळत नाही. पाच टक्क्यांच्या नेहमीच्या कसोटीला (म्हणजे नुसत्या नशिबाने असा निकाल येण्याची शक्यता शंभरात पाचहून जास्त नको) ३० पैकी निदान १५ बरोबर यावी लागतात. दुसरी चाचणी ड्युओ-ट्रायो. तिच्यात आधी एक नमुना ओळखीचा म्हणून देतात आणि पुढच्या दोनांपैकी त्याच्याशी जुळणारा कोणता ते विचारतात. तिथे नशिबाचा वाटा निम्मा, म्हणून ३० पैकी २० लागतात.

त्याच दोन श्रीखंडांतला फरक एका पॅनेलला (चाखणाऱ्यांच्या एका गटाला) कळला, दुसऱ्याला नाही. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. फरक हा दोन वाट्यांत असतो तितकाच चाखणाऱ्यातही असतो. डेअरीत रोज चक्का हाताळणाऱ्या दहा जणी आणि हिशेबखात्यातले दहा जण एकाच टेबलावर बसवले, तर तुम्ही दोन वेगळ्या चाचण्या घेतल्या असं समजा. अहवालात 'फरक आढळला नाही' एवढंच लिहिलं तर ते अर्धं वाक्य झालं. कोणाला आढळला नाही, त्यांना आधी काय सांगितलं होतं, पदार्थ त्यांच्या किती ओळखीचा होता, हे सोबत हवंच. असे अर्धे अहवाल माझ्याकडे दर महिन्याला येतात.

अनुभवी माणसाची जीभ जास्त तीक्ष्ण असते का?

असते अशी सगळ्यांची समजूत आहे, खुद्द अनुभवी माणसांची तर नक्कीच. पण मोजून पाहिलं की चित्र जरा वेगळं दिसतं. स्वीडिश संशोधक बेंडे आणि नॉर्डिन यांनी १९९७ मध्ये व्यावसायिक वाइन चाखणारे आणि साधी माणसं यांची तुलना केली. अगदी फिका वास मुळात जाणवतो की नाही, यात दोन्ही गट सारखेच निघाले. पण दोन वासांच्या मिश्रणांत फरक करणं आणि वासाला नाव देणं, यात व्यावसायिक पुढे होते. म्हणजे नाक तेच. काय हुडकायचं, ते आधी कुठे भेटलं होतं आणि त्याला काय म्हणायचं, हे मात्र त्यांना सरावाने येतं.

चहा चाखणाऱ्यांचं पाहा. ते भुर्रकन आवाज करत चहा ओढतात, कारण त्यामुळे चहाचे थेंब उडून वास घशामागून नाकापर्यंत पोचतो. ही युक्ती शिकवता येते. पण चहाचा मळा, हंगाम, भाजणीतली चूक हे वासावरून सांगायला हजारो कप डोक्यात साठलेले असावे लागतात. ती साठवण चहापुरतीच असते. तोच माणूस लोणच्याच्या पॅनेलवर बसला तर तो तुमच्या-माझ्यासारखाच.

आणि अनुभव फसवतोही. २००१ मध्ये बोर्डो इथल्या एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्यात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाचा लाल रंग घालून दिली होती. तिच्या वासाचं वर्णन त्यांनी लाल वाइनला लावतात त्या शब्दांत केलं. नवख्याकडे असे शब्द कमी असतात, त्यामुळे तो या खड्ड्यात पडण्याची शक्यता कमी. ज्याला 'गडद केशरी म्हणजे जास्त केशर' हे पाठ आहे, त्याला श्रीखंड उघड्या उजेडात देऊ नका.

आमचे आचारी म्हणतात, 'मला डोळे बांधून द्या, मी ओळखतो.' त्यांची परीक्षा कशी घ्यायची?

अवश्य घ्या, त्यांना बरंही वाटेल. ही पैज जुनी आहे. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मला चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर तिथेच काम करत होते. आठ कप, चार एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या, क्रम सरमिसळ. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. बाईंनी सगळे ओळखले अशी आख्यायिका आहे. फिशर यांच्या १९३५ च्या पुस्तकात प्रयोगाची मांडणी आहे, निकाल नाही.

आचाऱ्यांना त्रिकोणाचे सहा संच द्या, मध्ये विश्रांती ठेवून. सहापैकी पाच बरोबर आले तर केवळ नशिबाने तसं होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. पण हे लक्षात असू द्या की यातून आचाऱ्यांबद्दल कळलं, गिऱ्हाइकाबद्दल नाही.

वॉर्म-अप म्हणजे नेमकं काय? चाचणीआधी फरक दाखवला तर ती फसवणूक नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो.

त्रिकोण चाचणीला बसलेल्या माणसाची अवस्था पाहा. तीन वाट्या आहेत, एक वेगळी आहे. पण वेगळी कशात? गोडीत, आंबटपणात, वेलचीत, रवाळपणात, की गिळल्यावर टाळूला राहणाऱ्या तुपकटपणात? तो सगळीकडे एकदम लक्ष देतो, म्हणून कुठेच नीट लक्ष लागत नाही. शिवाय दोन सारख्या वाट्याही कधी तंतोतंत सारख्या लागत नाहीत. एकीत वेलचीचा दाणा दाताखाली येतो, की याने तीच 'वेगळी' ठरवली.

वॉर्म-अपमध्ये चाचणीच्या थोडं आधी दोन्ही नमुने उघडपणे पुढ्यात ठेवतात. हा जुना, हा नवा, हे दोन वेगळे आहेत; आलटून-पालटून चाखा आणि फरक कुठे आहे ते शोधा. शब्दांत सांगता आलं नाही तरी चालेल. 'सापडला' असं वाटलं की लगेच खऱ्या, सांकेतिक आकड्यांच्या वाट्या येतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मायकल ओमाहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ही पद्धत मांडली. तीच माणसं आणि तेच नमुने असूनही वॉर्म-अपनंतर फरक जास्त वेळा पकडला गेला. त्या काही मिनिटांत जीभ बदललेली नसते. लक्ष कुठे द्यायचं, एवढंच कळलेलं असतं.

फसवणूक म्हणाल तर, चाचणीतल्या वाट्या आंधळ्याच असतात, तिथे कुणी उत्तर सांगत नाही. पण तयारी करून घेतलेलं पॅनेल हे साधं गिऱ्हाईक राहत नाही, हा आक्षेप खरा आहे. इथे माझं मत थोडं वेगळं आहे. सगळी गिऱ्हाइकं तयारीशिवाय खातात हे गृहीतच चुकीचं. गुढीपाडव्याला वर्षातून एकदा श्रीखंड आणणारं घर तयारीशिवाय खातं, हे मान्य. पण जी बाई वीस वर्षं रोजच्या आमटीला एकाच गिरणीचा कांदा-लसूण मसाला घालते, तिचा वॉर्म-अप रोज दोन वेळा होत असतो. तिच्यासमोर तुमचं कुठलंही पॅनेल कच्चं. मसाल्यात ब्याडगी मिरची कमी करून लवंगी मिरची वाढवली आणि मसाल्याचा रंग तसाच राखला, तरी पहिल्या घासाला तिच्या लक्षात येईल. ती तक्रार करणार नाही, दुकान बदलेल. म्हणून सणासुदीच्या पदार्थाला तयारी न केलेली माणसं चालतात; रोजच्या वापराच्या पदार्थाला मी वॉर्म-अपशिवाय चाचणी घेत नाही.

नुसता प्रश्न बदलला तर निकाल बदलतो, हे खरं का?

खरं आहे, आणि तेही चक्रावून टाकेल इतकं. १९५३ मध्ये बायर आणि अब्राम्स यांनी क्विनिनच्या कडू द्रावणांवर हे पाहिलं. त्याच तीन पेल्यांतून 'वेगळा कोणता' विचारलं तर लोक जास्त चुकत, 'सर्वात कडू कोणता', किंवा वेगळा पेला फिका असेल तर 'सर्वात कमी कडू कोणता', असं विचारलं तर कमी. दोन्हीकडे अंदाजाची शक्यता सारखीच, तिनात एक. याला विरोधाभास म्हटलं गेलं, आणि १९७९ मध्ये फ्राइटर्स यांनी त्याची उकल केली. 'वेगळा' शोधताना मनाला तीन अंतरं मोजून त्यांची तुलना करावी लागते. 'कडू' शोधताना फक्त सर्वात मोठं काय ते बघायचं असतं. पहिल्या कामात गोंगाट, म्हणजे योगायोगाने होणाऱ्या चढउतारांचा गोंधळ, जास्त.

आकड्यांत सांगायचं तर, एका ठरावीक मध्यम फरकाला त्रिकोण चाचणीत १०० पैकी सुमारे ४२ उत्तरं बरोबर येतात, आणि 'सर्वात गोड निवडा' म्हटल्यावर सुमारे ६३. त्यामुळे साखरच कमी केली असेल, तर 'वेगळी कोणती' विचारून स्वतःचं नुकसान करून घेऊ नका. 'जास्त गोड कोणती' विचारा. चक्का बदलला असेल आणि काय बदललं ते तुम्हालाच ठाऊक नसेल, तर मात्र त्रिकोणाला पर्याय नाही, किंवा वॉर्म-अप आधी घ्यावा लागेल.

पॅनेलसाठी माणसं निवडायची कशी? प्रशिक्षण किती दिवसांचं?

निवडीची रीत आयएसओ ८५८६ या आंतरराष्ट्रीय मानकात दिली आहे, आणि एकूण चव-चाचण्यांसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ६२७३ आहे. साधारण क्रम असा: साखर, मीठ, सायट्रिक आम्ल आणि कॅफीनची फिकी द्रावणं ओळखता येतात का; ओळखीचे वास सांगता येतात का; आणि तुमच्याच पदार्थावरचे त्रिकोण सतत बरोबर येतात का. तिसरी पायरी सर्वात महत्त्वाची. पहिल्या दोन्हींत नापास झालेली पण लोणच्यात बिनचूक अशी एक आजी मी पाहिली आहे. ती पॅनेलवर आहे.

कडू चवीबद्दल मात्र सावध राहा. १९३१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून एका भुकटीचा धुरळा उडाला. सहकाऱ्याला तो कडूजहर लागला, त्यांना स्वतःला काहीच लागला नाही. अशा काही पदार्थांचा कडूपणा जाणवणं हे आनुवंशिक असतं. सरावाने त्यात काही भर पडत नाही. कारल्याची, मेथीची उत्पादनं असतील तर ही तफावत गृहीत धरूनच माणसं घ्या.

दिवसांचा हिशेब पदार्थावर आहे. फरकाच्या चाचणीला वर्णनाचं लांबलचक प्रशिक्षण लागत नाही. पद्धत समजणं, घाई न करणं आणि पदार्थाशी ओळख असणं, एवढं पुरतं. एक मात्र आवर्जून करा: ज्यांना जुना माल नीट ओळखीचा आहे त्यांना ड्युओ-ट्रायोमध्ये दर वेळी तोच जुना नमुना ओळखीचा म्हणून द्या. कधी जुना तर कधी नवा असा बदलत ठेवलात तर त्यांच्या ओळखीचा फायदा वाया जातो. कोविडनंतर वास कमी झालेली किंवा विचित्र येणारी माणसंही आढळतात, म्हणून जुन्या पॅनेलचीही अधूनमधून उजळणी घ्या.

आमचेच कामगार बसवले तर?

बसवा, पण ज्याला बदल माहीत आहे त्याला नाही. बदल ज्याने केला त्याला तो हमखास 'लागतो'.

चाचणीच्या दिवशी काय पथ्य?

तासभर आधीपासून चहा, कॉफी, विडी, तंबाखू, मिश्री, पान, सुपारी, बडीशेप काही नको. दात घासल्यावर लगेच बसू नये. टूथपेस्टमधल्या फेस करणाऱ्या द्रव्याने गोडी दबते आणि फळांचा रस कडू लागतो. आवळा खाऊन पाणी प्यायलं की ते गोड लागतं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तसंच पुढच्या वाटीचं होतं. गुडमारचा पाला चघळला तर साखर काही काळ वाळूसारखी लागते. मधुमेहासाठी तो घेणारी माणसं आहेत, तेव्हा विचारून घ्या. सर्दी असेल त्याला प्रेमाने घरी पाठवा.

वेळ सकाळी दहा ते साडेअकराची बरी. एकादशीला, चतुर्थीला चाचणी ठेवू नका, निम्मे उपाशी आणि निम्मे साबुदाण्यावर असतात. श्रावणात आणि चातुर्मासात कांदा-लसूण मसाल्याचं पॅनेल भरतच नाही, हे मी पहिल्या वर्षी शिकले. शेंगदाणे, दूध, काजू यांची ॲलर्जी लेखी विचारायची, तोंडी नाही.

आणि खोलीचं काय?

फोडणीचा, उदबत्तीचा, फिनाइलचा वास नको. मोगऱ्याचा गजरा माळून आलेल्या बाईंना तो काढून बाहेर ठेवायला सांगणं अवघड वाटतं, पण सांगावं लागतं, नाहीतर शेजारची वाटीही मोगऱ्याचीच. रंगावरून कळू नये म्हणून लाल दिवा. वाट्यांवर १, २, ३ किंवा अ, ब न लिहिता ४१७, ८६२ असे तीन अंकी आकडे. त्रिकोणाचे सहाही क्रम सारख्या वेळा वापरायचे (इथे अ म्हणजे जुना, ब म्हणजे नवा): अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब.

माझी एक चूक सांगते. एकदा नवा चक्का फ्रीजच्या खालच्या कप्प्यात होता आणि जुना वर. निकाल झकास आला, जवळजवळ सगळ्यांना फरक कळला. मालक हताश झाले. नंतर एका मुलीने सहज सांगितलं, 'ती वाटी जास्त गार होती ना.' गार पदार्थ कमी गोड लागतो, हे मी इतरांना शिकवते. सगळी चाचणी पुन्हा घेतली.

दोन वाट्यांमध्ये तोंड कशाने धुवायचं? एका बैठकीत किती संच?

श्रीखंडाला कोमट पाणी, कारण गार पाण्याने स्निग्धता टाळूलाच चिकटते. मसाल्याला, फरसाणाला साधं पाणी आणि बिनमिठाचे कुरमुरे. चुळा सगळ्यांनी सारख्याच भरायच्या. लाळेत थोडं मीठ असतंच आणि जीभ त्याला सरावलेली असते. पाण्याने ते धुतलं गेलं की फिकं मीठही जाणवू लागतं, म्हणून एकाने दहा चुळा आणि दुसऱ्याने एकही नाही, असं झालं तर दोघांची तुलना होणार नाही. फिक्यानंतर तीव्र नमुना आला तर उठून दिसतो. तीव्रानंतर फिका आला तर झाकला जातो. सहा क्रम लागतात ते त्यासाठीही.

तिखटाचं तंत्र निराळं. सलग चाखत गेलं की जळजळ साठत जाते, आणि मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबलं की तेच तिखट कमी लागू शकतं. पाण्याने ते जात नाही, दूध किंवा ताक द्या. मसाल्याचा एका बैठकीत एकच त्रिकोण, फार तर दोन, तेही सपक भातात किंवा वरणात कालवून. श्रीखंडाचे तीन-चार चालतात, पुढे गोडाने तोंड थकतं.

अनुभवी असतील तर कमी माणसं चालतात का?

लहान फरक पकडायला चालतात, कारण त्यांच्या उत्तरांत गोंगाट कमी असतो. पण १२ जणांकडून प्रत्येकी तीन त्रिकोण घेतले म्हणजे ३६ माणसं झाली, असं लिहू नका. त्या १२ जणांबद्दलची खात्री वाढली, गिऱ्हाइकांचा नमुना मोठा झाला नाही.

'फरक आढळला नाही' असा निकाल आला. आता बदल करून टाकू?

थांबा. आधी न तयार केलेली १२ माणसं, पदार्थाशी ओळख नाही, प्रश्न 'वेगळी कोणती': अशा चाचणीत १२ पैकी ८ बरोबर लागतात आणि मध्यम फरकही सहज निसटतो. 'सापडला नाही' आणि 'नाहीच' यांत अंतर आहे. बदल लपवायचा असेल तर स्वतःच्या विरुद्ध चाचणी घ्यावी: जास्त माणसं, पदार्थ ओळखणारी माणसं, वॉर्म-अप, आणि काय बदललं ते ठाऊक असेल तर 'जास्त गोड कोणती' असा थेट प्रश्न. त्यांनाही कळलं नाही तर निर्धास्त करा.

देवगडचा हापूस आणि दुसरा कुठला हापूस, हे चाखून कळतं का? आमच्याकडे दर मे महिन्यात पैज लागते.

अख्ख्या फळांवर त्रिकोण चाचणी होत नाही. तिच्यात दोन वाट्या खरोखर सारख्या असाव्या लागतात, आणि एकाच पेटीतले दोन आंबे तसे नसतात. एक देठाशी आंबट, एक साक्याचा. पाहुणा 'वेगळा' म्हणून नेमका तोच उचलणार. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड इथल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन पेटीवर असतं, जिभेवर नाही. पैज लावायचीच असेल तर प्रत्येक बाजूचे सारखे पिकलेले डझनभर आंबे घ्या, रस एकत्र घोटून गाळा, दोन्ही एकाच वेळी फ्रीजमध्ये एकाच कप्प्यात ठेवा, आणि वाट्या भरणाऱ्याला पैजेत घेऊ नका. कोकणातल्या मामांना वॉर्म-अप द्यायची गरज नाही. मुंबईच्या भाच्यांना द्या, म्हणजे सामना बरोबरीचा होईल.